गिअरच्या दांड्याची बदली

मोटारीच्या गिअरचा दांडा कोठे असावा, या प्रश्नावर मानवजातीत आजवर दोन पक्ष पडले आहेत; आणि मौज अशी की, ज्या काळी ज्या पक्षाचा जय झाला त्या काळी तोच पक्ष पुरोगामी ठरला. आरंभीच्या पुष्कळ वर्षांत हा दांडा बहुतेक गाड्यांच्या जमिनीतून वर येई आणि चालकाच्या गुडघ्याशी सुखाने नांदत असे. १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकन कारखानदारांना असा साक्षात्कार झाला की, दांडा जमिनीवर असणे हे मागासलेपणाचे लक्षण असून तो उचलून स्टिअरिंगच्या खांबाला जोडला असता पुढच्या अखंड बाकावर तिसऱ्या मनुष्याची सोय होते, स्त्रियांच्या वस्त्रांना तेलाचा डाग लागत नाही आणि एकंदरीत संस्कृती एक पाऊल पुढे जाते. झाले! पाहता पाहता साऱ्या अमेरिकेचे दांडे खांबावर चढले. मग वीस-बावीस वर्षे लोटतात न लोटतात तोच त्याच देशातील तरुणांनी ते दांडे खांबावरून उपटून पुन्हा जमिनीत रोवण्यास प्रारंभ केला. ज्या पित्याने दांडा वर गेला म्हणून शेजाऱ्यांपुढे मिरवून घेतले, त्याच्याच चिरंजीवाने तो खाली आणला म्हणून मित्रांपुढे मिरवून घेतले, आणि आपण काळाच्या पुढे आहोत असा दोघांचाही दावा होता.

आपल्याकडे हा वाद बराच उशिरा पोचला, कारण वाद घालण्यासाठी ज्या मोटारी लागतात त्याच आपल्याकडे मोजक्या होत्या. बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार होणारी अॅम्बॅसिडर आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, या दोहोंच्या बाहेर निवड करण्याची मध्यमवर्गीय मराठी माणसाला फारशी मुभा नव्हती. त्यातही नंबर लावून वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागे, त्यामुळे गाडी दाराशी आली की ती कशी आहे यापेक्षा ती आहे याचाच आनंद मोठा असे. १९५० नंतरच्या दशकातील फियाटच्या गुबगुबीत अवताराला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. ज्या इटालियन कलावंतांनी तिच्या वळणांसाठी रात्री जागवल्या असतील त्यांच्या कानी हे गेले नसावे, अशी आशा बाळगणे एवढेच आपल्या हाती आहे. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आली, पुढे काही काळ तिला प्रेसिडेंट म्हणवले गेले आणि १९७४ साली प्रीमियर पद्मिनी हे चितोडच्या राणीचे नाव तिला मिळाले. परंतु नामांतरे झाली तरी १०८९ घनसेंटिमीटरचे एंजिन, चार गिअर आणि स्टिअरिंगच्या खांबाच्या डाव्या अंगाने बाहेर डोकावणारा दांडा ही त्रयी बहुतेक काळ कायम राहिली. लोकही अखेरपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले, आणि त्या दांड्याला हँडगिअर.

या हँडगिअरची रचना ज्याने एकदा बॉनेट उघडून पाहिली असेल, त्याला आपल्या मुलकी खात्याचा कारभार निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. हुकूम निघतो वर, स्टिअरिंगपाशी, आणि त्याची अंमलबजावणी व्हायची असते खाली, गिअरबॉक्समध्ये. मधल्या अंतरात दोन सळया, काही कोपरे, काही अडणे आणि प्रत्येक सांध्यावर एकेक बुश अशी अधिकाऱ्यांची उतरंड असते. दांडा चालकाकडे ओढला वा पुढे ढकलला की कोणत्या पंक्तीतला गिअर हवा ते एक सळई कळवते, आणि वर वा खाली केला की दुसरी सळई तो प्रत्यक्ष टाकते. गाडी नवी असते तोवर हुकूम जसाच्या तसा खाली पोचतो. पुढे बुश झिजू लागले की प्रत्येक बुश त्या हुकमातून आपला थोडा हिस्सा कापून घेऊ लागतो, आणि वरून निघालेली 'दुसऱ्या गिअरात जावे' ही स्पष्ट आज्ञा खाली जाईपर्यंत 'शक्य असल्यास विचार व्हावा' अशा स्वरूपाची उरते. कधी कधी तर दोन्ही सळयांत मतभेद होऊन गिअर दोन पंक्तींच्या मधोमध अडकून बसतो. अशा प्रसंगी भर रस्त्यात खाली उतरून, बॉनेट उघडून, ते अडणे स्वहस्ते हलवून खातेअंतर्गत तडजोड घडवून आणावी लागते आणि मागचे लोक तोवर हॉर्न वाजवत असतात.

माझे मामा मुलकी खात्यातच होते. अव्वल कारकुनापासून चढत चढत ते नायब तहसीलदार झाले, आणि त्यांच्या नोकरीतील बहुतेक काळ वरून आलेला हुकूम खाली पोचेपर्यंत निम्मा कसा होतो हे पाहण्यात गेला. दिवसभर जे कचेरीत सोसायचे तेच संध्याकाळी स्वतःच्या फियाटमध्ये सोसावे लागावे, ही गोष्ट त्यांना व्यक्तिशः लागत असे. तथापि त्यांनी ती निमूटपणे सोसली असती. परंतु १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली तिच्या मालकाला देण्यात आली, आणि पुढच्या काही वर्षांत ती इवलीशी ७९६ घनसेंटिमीटरची गाडी पुण्याच्या पेठांतून भिरभिरू लागली. तिचा गिअर जमिनीवर होता. मामांच्या एका सहकाऱ्याच्या जावयाने अशी मारुती घेतली, एकदा मामांना कोथरूडपर्यंत सोडले, वाटेत डाव्या हाताने तो आखूड दांडा नुसत्या मनगटाच्या झटक्याने इकडून तिकडे टाकत राहिला, आणि उतरताना अतिशय नम्रपणे विचारता झाला, "काका, तुमचा अजून हँडगिअरच का हो?"

त्या रात्री मामा जेवताना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाच्या वेळी आपला निर्णय जाहीर केला. गाडी विकायची नाही, एंजिनाला हात लावायचा नाही, फक्त गिअर खाली घ्यायचा.

आता येथे फियाटच्या पुढच्या बाकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण गिअरच्या स्थलांतराचे खरे महत्त्व यंत्रशास्त्रात नसून त्या बाकावर आहे, आणि ही गोष्ट मोटारीवर लिहिणाऱ्या विद्वानांच्या ध्यानी क्वचितच येते. तो बाक अखंड होता. मामा स्टिअरिंगमागे बसत, मामी डाव्या दाराशी बसत, आणि त्यांच्या मध्ये माझी मोठी मावशी, म्हणजे मामांची थोरली बहीण, बसत असे. मावशीला मागे बसले की मळमळते, हे आमच्या घराण्यातील एक स्वयंसिद्ध सत्य होते. त्याला पुरावा कोणी मागितला नव्हता आणि मावशीने दिलाही नव्हता. मधल्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना एकेक पाऊल टेकून, मांडीवर पितळी डबा घेऊन, ती आळंदीपासून अक्कलकोटापर्यंत प्रत्येक प्रवासात त्या जागेवर विराजमान झालेली असे. मामा आणि मामी यांच्यातील सर्व संभाषण तिच्यामार्फत चाले. मामींनी "खिडकी थोडी वर करा म्हणावं" असे म्हटले की मावशी ते मामांकडे पोचवण्यापूर्वी त्यावर आपला शेरा मारी, "अरे, वारा कुठं आहे? पण वहिनींना लागतोय." मामांचे उत्तरही त्याच वाटेने परत येई आणि वाटेत थोडेसे बदलत असे. असे असता नवरा-बायकोचे भांडण गाडीत कधीही झाले नाही, हे मावशीच्या बाजूने सांगितले पाहिजे. गाडीत त्यांचे बोलणेही कधी झाले नाही, हे मामींच्या बाजूने.

अमेरिकन कारखानदारांनी दांडा खांबावर चढवला तो याच मधल्या मनुष्यासाठी, आणि तो खाली आणण्याचा अर्थ त्या मनुष्यास बेदखल करणे हाच होतो. मामांच्या हे मनातही नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे केवळ जावयाचे मनगट होते. परंतु मामींच्या मात्र हे तत्काळ ध्यानात आले असावे, असा माझा तर्क आहे. कारण ज्या मामींनी रेडिओला नवे सेल टाकण्याच्या खर्चालाही हरकत घेतल्याचे मला स्मरते, त्यांनी या दरखास्तीला त्याच बैठकीत मंजुरी दिली, आणि वर "करायचं तर चांगलं करून घ्या, पैशाकडे पाहू नका" असेही म्हणाल्या. मामांना पत्नीच्या या आधुनिकतेचा अभिमान वाटला. मावशी देवघरात होती. तिने घंटा जरा जोरात वाजवली एवढेच.

मोटारीच्या सुट्या भागांसाठी पुणेकराला दोनच तीर्थक्षेत्रे ठाऊक आहेत. नवा माल हवा तर नाना पेठ, आणि जो माल नवा असताना कोणी घेतला नाही तो हवा असेल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतील जुना बाजार. मामा दोन्हीकडे गेले, आणि सरकारी नोकरीचा संस्कार असा की, जाताना वही घेऊन गेले. गिअरचा जमिनीवरचा संच म्हणजे एक आखूड दांडा, त्याखाली एक लोखंडी पेटी, रबराचा बूट, माथ्यावर मूठ आणि दोन सळया. मामांनी वहीत प्रत्येक दुकानाचा भाव, दुकानदाराचा स्वभाव आणि संचाचे वजन यांचे रकाने पाडले. शेवटच्या रकान्याला त्यांनी 'अभिप्राय' असे नाव दिले होते आणि त्यात पुष्कळ ठिकाणी 'संशयास्पद' एवढेच लिहिलेले होते. अखेर एक संच पसंत पडला. त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर शर्यतीच्या गाडीचे चित्र होते; ती गाडी कोणत्या जातीची होती हे सांगता येणार नाही, परंतु फियाट नक्की नव्हती.

येथे थोडे विषयांतर करून अशा संचांच्या मूळ पुरुषाचे स्मरण करणे उचित होईल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात जॉर्ज हर्स्ट नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. कारखान्यातून आलेल्या गाडीचा गिअर काढून टाकून त्या जागी आपला भक्कम, कणखर दांडा बसवून देणे हा त्याने सुरू केलेला उद्योग. तो इतका फोफावला की १९६४ साली पाँटिॲकच्या जीटीओ या तुफान गाडीत कारखान्यानेच त्याचा दांडा बसवून दिला. पुढे त्याच्या जाहिरातीसाठी शर्यतीच्या मैदानावर एका गाडीच्या पाठीवर कित्येक फूट उंचीचा सोनेरी दांडा उभारून, त्याला धरून उभी असलेली एक सुंदरी हात हलवत प्रेक्षकांतून फिरे. गिअरच्या दांड्याची अशी मिरवणूक अन्य कोणत्या संस्कृतीत निघाल्याचे माझ्या वाचनात नाही. परंतु या गृहस्थाचे खरे मोठेपण निराळेच आहे. अपघातात चेपलेल्या मोटारीचा पत्रा फाकवून आत अडकलेल्या मनुष्यास बाहेर काढणारे जलदाब-यंत्र, ज्यास 'जॉज ऑफ लाइफ' म्हणतात व जे आज जगभर अग्निशामक दलांपाशी असते, तेही त्याच्याच नावावर आहे. माणसाला सुसाट हाकण्याचे साधन देऊन नंतर त्यालाच गाडीतून सोडवण्याचे साधनही देणारा इतका जबाबदार कारखानदार विरळा.

आमच्या मेस्त्रींच्या ठायी ही दुसरी जबाबदारी नव्हती, पहिली मात्र पुरेपूर होती. मामा त्यांना वस्ताद म्हणत. "साहेब, अर्ध्या दिवसाचं काम आहे. सकाळी सोडा, संध्याकाळी चहाला गाडी घरी," असे वस्ताद म्हणाले. मोटारीच्या व्यवहारात 'अर्धा दिवस' हे कालाचे परिमाण नसून तो एक शिष्टाचार आहे. वैद्यबुवा "काही विशेष नाही" म्हणतात त्याच कुळातला. मामा कचेरीतून रजा काढून समक्ष हजर राहिले, आणि मलाही साक्षीदार म्हणून घेऊन गेले.

प्रथम खांबावरचा दांडा उतरवला. मग वस्तादांनी पुढचे सतरंजीचे आणि रबराचे आच्छादन गुंडाळून ठेवले, उंचवट्याच्या पत्र्यावर खडूने एक चौकोन काढला, आणि "लांब उभे राहा" असे म्हणून ग्राइंडर लावला. ज्या गाडीचे टायर मामा स्वतःच्या हाताने धूत, जिच्या पत्र्यावर कावळा बसला तरी ते गॅलरीतून टाळ्या वाजवत, त्या गाडीच्या पोटातून ठिणग्यांचा फवारा उडताना पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी पुन्हा फक्त एकदाच, त्यांच्या कन्येच्या पाठवणीत पाहिले. चौकोन कापून झाला तेव्हा त्या भोकातून गॅरेजची जमीन आणि तिच्यावर पडलेली बिडीची थोटके स्पष्ट दिसू लागली. मामा वाकून बराच वेळ त्यात पाहत राहिले. "हे भोक पुढे बुजणार ना?" त्यांनी विचारले. "बूट येतो की वरती," वस्ताद म्हणाले.

खरा पेच पुढे आला. संच बसला, सळया जोडल्या गेल्या, पहिला आणि तिसरा गिअर सुरेख पडले; परंतु दुसऱ्या आणि चौथ्या गिअरसाठी दांडा मागे ओढावा तर तो बाकाच्या गादीवर आपटे. अखंड बाक आणि जमिनीवरचा गिअर ही दोन्ही एका घरात सहसा सुखाने नांदत नाहीत; त्यावर उपाय स्वतंत्र खुर्च्यांचा. पण मामांना खुर्च्यांचा खर्च वहीत दाखवता येईना. त्यातून मामा उंचीने बेताचे असल्यामुळे त्यांचा बाक कायम पुढे ओढलेला असे. वस्तादांनी दांडा गॅसवर लाल करून पुढच्या बाजूला वाकवला. आता दुसरा गिअर पडू लागला, पण पहिला टाकताना मामांची बोटे डॅशबोर्डावर ठेचू लागली. पुन्हा तापवला, पुन्हा थोडा मागे घेतला. शेवटी दोन्ही पक्षांना समान अडचण होईल असा मध्य काढून वस्तादांनी बाकाच्या गादीतूनच धारदार सुरीने एक अर्धवर्तुळ कापून काढले आणि त्यावर काळे रेक्झिन ठोकून दिले. अर्धा दिवस संपला तेव्हा आठवडा उलटून गेला होता.

आणि एवढे झाल्यावर मी वाकून गाडीखाली पाहिले, तो काय! ज्या मध्यस्थांच्या जाचाला कंटाळून हे सारे आरंभिले, ते जागच्या जागी होते. गिअरबॉक्सचे ते दोन अडणे तेच होते. त्यांना पूर्वी वरून येणाऱ्या दोन सळया जोडलेल्या होत्या, त्या जागी आता बाजूने येणाऱ्या दोन सळया जोडल्या होत्या. आणि त्यांच्याही प्रत्येक सांध्यावर नवाकोरा बुश आपल्या हिश्शाची वाट पाहत बसलेला होता. थोडक्यात, अधिकारी कमी झाले नव्हते. फक्त मुख्यालय वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आले होते. मी हे मामांना सांगितले नाही. खात्याच्या पुनर्रचनेनंतर असे प्रश्न विचारायचे नसतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

मुठीविषयीही सांगितले पाहिजे. संचाबरोबर आलेल्या काळ्या गोल मुठीवर गिअरांचा नकाशा कोरलेला होता आणि त्यात पाच गिअर होते. गाडीला चारच. कारखान्याच्या दृष्टीने ती मूठ कोणत्याही गाडीला चालत होती, म्हणजेच कोणत्याही गाडीची नव्हती. वस्ताद म्हणाले, दुसरी देतो. मामांनी मूठ हातात घेऊन फिरवून पाहिली आणि "असू द्या" म्हणाले. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या शेजारी बसणारा प्रत्येक नवा मनुष्य त्या नकाशाकडे पाहून "वा, पाचवा आहे?" असे आदराने विचारी, आणि आयुष्यात कधी खोटा दाखला न दिलेले आमचे मामा नुसते गालात हसून "हायवेवर लागतो" असे म्हणत. यात असत्य काही नव्हते. लागतो खराच, फक्त नसतो.

सवयीचे बळ मात्र विलक्षण. पुढचे कितीतरी महिने सिग्नल सुटला की मामांचा डावा हात प्रथम स्टिअरिंगच्या खांबाकडे जाई, तेथे हवा चाचपून पाही, खजील होऊन खाली येई आणि मग दांडा शोधी. तेवढ्यात मागचे वाहन पुढे निघून जाई. ते बहुधा मारुती असे.

नव्या गिअरनिशी पहिली स्वारी जेजुरीला निघाली. मामी सकाळपासून प्रसन्न होत्या. डबे भरले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, केसांत अबोलीचा गजरा माळला आणि त्या खाली आल्या. तो पुढचे डावे दार उघडून, पितळी डबा मांडीवर घेऊन, मावशी खिडकीशी बसलेली. मधल्या जागेवर काळ्या रेक्झिनमध्ये दांडा ताठ उभा होता. मामी दाराशी थांबल्या. "वन्सं, तुम्ही..." एवढे त्या म्हणाल्या. मावशीने अत्यंत प्रेमळपणे त्यांच्याकडे पाहिले. "अहो, मला मागं मळमळतं ना, वहिनी. तुम्ही बसा मागं ऐसपैस. तुम्हाला काय, कुठंही बसलं तरी चालतं." मामांनी आरसा नीट केला. त्यांच्या चाळीस वर्षांच्या... नव्हे, नेमका आकडा जाऊ द्या, त्यांच्या दीर्घ सेवेत ज्येष्ठतेच्या यादीविरुद्ध गेल्याचे एकही उदाहरण नव्हते, आणि मावशी ज्येष्ठ होती. मामी मागे बसल्या. तीन जागा असत्या तर तिघांची सोय होती. दोनच उरल्या तेव्हा कोण जाणार हे यंत्राने ठरवायचे नव्हते, ते आमच्या घराण्यात फार पूर्वीच ठरलेले होते.

त्या दिवसापासून मामींना जमिनीवरच्या गिअरचे दोष दिसू लागले, आणि न्यायबुद्धीने पाहता ते सर्व खरे होते. रबरी बुटाच्या कडेतून उन्हाळ्यात एंजिनाची ऊब येई आणि ती नेमकी मागे जाई. पावसाळ्यात चाकांनी उडवलेल्या पाण्याचे तुषार येत. दिवे घाटात धूळ येई. मावशीला यांपैकी काहीच जाणवत नसे, कारण खिडकी तिच्या ताब्यात होती. "अहो, तो जुना दांडा होता तो काय वाईट होता?" असे मामींनी एकदा विचारलेही, परंतु मामांनी एकदा अंमलात आलेल्या हुकमाचा फेरविचार होत नसतो असे उत्तर दिले, आणि मुख्य म्हणजे जुना दांडा आता उरलाच नव्हता. गॅरेजचा रिवाज असा की, गाडीतून निघालेला माल मागितला नाही तर मेस्त्रीचा. मामांनी वहीत त्याची नोंद 'निकामी, निर्लेखित' अशी करून टाकली होती.

कालचक्र फिरले ते असे. ज्या कारखान्याने दांडा खांबावर ठेवला होता त्यानेच शेवटच्या काळातील काही पद्मिनींना तो जमिनीवर दिला, अॅम्बॅसिडरनेही १९९२ च्या सुमारास इसुझूचे एंजिन घेतले तेव्हा गिअर खाली उतरवला; त्यावर मामा म्हणाले, "पाहा, आपण आधीच केलं होतं." मग दोन्ही गाड्या निघायच्याच बंद झाल्या. मुंबईत ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. आणि जी वस्तू रस्त्यावरून जाते ती आपल्याकडे ताबडतोब आदरणीय होते, या न्यायाने मामांच्या नातवाला आजोबांची १९७४ ची पद्मिनी एकाएकी अमोल वाटू लागली.

त्याने नियम काढले. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्या सांगाड्यात, कवचात वा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आता उंचवट्यात ग्राइंडरने कापलेला चौकोन हा 'मोठा' फेरबदल की 'किरकोळ', यावर आजोबा आणि नातू यांच्यात बराच खल झाला. मामांनी आपले सारे मुलकी ज्ञान पणाला लावून तो 'अतिक्रमण नसून वहिवाट' आहे असा युक्तिवाद केला. नातवाचे म्हणणे असे की, नोंदणी होवो न होवो, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक पहिल्याप्रथम दार उघडून गिअर पाहतात, आणि पाच गिअरांची मूठ पाहून ते हसतील. मामा दुखावले. परंतु या वेळी मामी ठामपणे नातवाच्या पक्षात गेल्या. मूळ स्वरूप राखणे हा आपल्या संस्कृतीचा प्रश्न आहे, असे त्या म्हणाल्या. मावशी आता नव्वदीच्या घरात आहे, तिला ऐकू कमी येते. तथापि गाडीचा विषय निघाला की खिडकीशी कोण बसणार एवढे ती स्पष्ट विचारते.

तर मुद्दा असा की, सध्या आमच्याकडे त्या जुन्या दांड्याचा शोध जारी आहे. नाना पेठेत नाही म्हणतात; जुन्या बाजारात एक मिळाला तो अॅम्बॅसिडरचा निघाला; मोडीत गेलेल्या टॅक्सींबरोबर पुष्कळसा माल भट्टीत गेला. म्हणून वाचकांस नम्र विनंती करण्यात येते की, आपल्या माळ्यावर, गॅरेजात वा कोळशाच्या खोलीत फियाट किंवा पद्मिनीच्या हँडगिअरचा संच, दांडा, दोन्ही सळया आणि अडणे यांसह, पडून असल्यास तो भंगारवाल्यास घालू नये. मामींच्या वतीने वाजवी किंमत रोख देण्यात येईल. बुश झिजलेले असले तरी हरकत नाही.